भिंतीला ओल, छातीला घरघर



पावसाळा लागला की आपल्या कोकणपट्टीत तीन गोष्टी न सांगता उगवतात. रस्त्यावर छत्र्या, व्हरांड्यात दोऱ्यांवर लटकणारे कपडे, आणि खोलीच्या कोपऱ्यात, कपाटामागे, छताच्या कडेला काळे-हिरवे ठिपके. पहिल्या दोन गोष्टींवर आपण विनोद करतो, तिसरीकडे मात्र बघूनही न बघितल्यासारखं करतो. "पावसाळा आहे, चालायचंच!" असं म्हणून दिवाळीत त्यावर रंगाचा एक हात मारला की विषय संपला.

मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शाळा नागपूरला, कॉन्व्हेंटमध्ये झाली. त्यामुळे 'फंगस' म्हणजे बायॉलॉजीच्या पुस्तकातली लेबल लावलेली आकृती आणि 'बुरशी' म्हणजे आजीच्या लोणच्यावर येणारा पांढरा थर, अशा दोन वेगळ्या कप्प्यांत या गोष्टी माझ्या डोक्यात होत्या. इथे शिकायला आल्यावर पहिल्याच जुलैत माझ्या चामड्याच्या सँडलवर हिरवी मखमल उगवली आणि दोन्ही कप्पे एक झाले. पुढे बिल्डिंग मटेरियल्स शिकताना लक्षात आलं की हा विषय जितका डॉक्टरांचा, तितकाच आपला म्हणजे इंजिनिअर मंडळींचाही आहे. किंबहुना आधी आपला आहे. कारण भिंत ओली राहू दिली तरच पुढचं काम डॉक्टरांकडे जातं.

या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. बुरशी कोणत्या जातीची, कोणत्या रंगाची, विषारी की बिनविषारी, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न : पाणी कुठून येतंय?

बुरशीला लागतं तरी काय?

बुरशीला जगायला चार गोष्टी लागतात : बीजाणू, अन्न, योग्य तापमान आणि पाणी.

बीजाणू म्हणजे तिचं 'बी'. ते हवेत सगळीकडे असतात, अगदी आत्ता तुम्ही हे पान वाचताय त्या खोलीतसुद्धा. त्यांना हद्दपार करणं शक्य नाही. अन्न म्हणजे सेंद्रिय काहीही : पुठ्ठा, प्लायवूड, वॉलपेपर, जिप्सम बोर्डावरचा कागद, जर्नल्स, गादी, चपला, आणि रंगावर साचलेली साधी धूळ. तापमानाचं म्हणाल तर जे आपल्याला आवडतं तेच बुरशीलाही आवडतं. म्हणजे चारपैकी तीन गोष्टी आपल्या हातात नाहीत. उरली चौथी, पाणी. आपला सगळा लढा तिथेच.

पाणी म्हणजे भिंतीवरून ओघळच यायला हवा असं नाही. भिंतीच्या पृष्ठभागाला लागून असलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता काही दिवस सलग ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी बऱ्याच बुरशींचं भागतं. ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम या मंडळींना थोडक्यात समाधान असतं. ज्या 'काळ्या बुरशी'ची इंटरनेटवर इतकी दहशत आहे, त्या स्टॅकीबोट्रिसला मात्र जवळजवळ चिंब भिजलेला पृष्ठभाग लागतो. ती दिसली याचा अर्थ ती जागा बरेच दिवस ओली आहे आणि कोणी लक्ष दिलेलं नाही.

मग नवीन चुना लावलेल्या भिंतीवर बुरशी का येत नाही? ताजा चुना आणि ताजं सिमेंट अत्यंत अल्कलाइन असतं, पीएच १२ च्या आसपास. त्यात बुरशी तग धरत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू चुन्याशी अभिक्रिया करतो, पीएच उतरत जातो, वर धूळ साचते आणि मग बुरशीला जमीन मिळते. आपले पणजोबा दर वर्षी भिंतींना चुन्याची सफेदी करत, त्यामागे स्वच्छतेबरोबर हे केमिस्ट्रीचं गणितही आपोआप साधत होतं.

एक छोटं गणित

इंजिनिअरिंगच्या मासिकात गणित नसेल तर लेख पास व्हायचा नाही, म्हणून हे घ्या.

समजा आपली खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे. घनफळ ३६ घनमीटर. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते. म्हणजे अख्ख्या खोलीत १०८० ग्रॅम. जुलैत बाहेरची आर्द्रता ८५ टक्के धरू. म्हणजे त्यातले ९१८ ग्रॅम आधीच भरलेले. शिल्लक जागा किती? फक्त १६२ ग्रॅम. साधारण दोन कटिंग चहा!

आता खोलीत दोरी बांधून एक जीन्स वाळत घाला. हाताने पिळलेल्या जीन्समध्ये याच्या कितीतरी पट पाणी असतं. शिवाय झोपलेला माणूसही श्वासातून आणि घामातून तासाला ४० ग्रॅमच्या आसपास वाफ सोडतो. दारं-खिडक्या बंद करून तिघी झोपल्या की जीन्स नसली तरी दीड तासात ते दोन कटिंग संपले. मग उरलेली वाफ जाते कुठे? जी जागा सगळ्यात गार असेल तिथे. कपाटाची पाठ, बाहेरच्या भिंतीचा कोपरा, पलंगाखालची फरशी.

दुसरं उदाहरण ए.सी.चं. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू येतो सुमारे २६ अंशांवर. म्हणूनच कॉम्प्युटर लॅबमध्ये ए.सी. २२ वर असला की लॅबच्या काचेला पॅसेजच्या बाजूने घाम फुटतो. शेजारची विटांची भिंत इतकी थंड होत नाही, तिच्यावर थेंब दिसत नाहीत. पण तिला चिकटून असलेल्या हवेची आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात जाते. आपल्याला भिंत कोरडी वाटते, बुरशीला मात्र तेवढं पुरतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. परदेशी पुस्तकांत आणि वेबसाइट्सवर सरळ लिहिलेलं असतं की घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा, खिडक्या उघडा. थंड देशात बाहेरची हवा कोरडी असते, तिथे ते चालतं. आपल्याकडे जुलैत खिडकी उघडून आतली हवा फार तर बाहेरच्या हवेइतकी कोरडी होईल, त्याहून कोरडी नाही. म्हणजे खिडकी निरुपयोगी आहे का? नाही. स्वयंपाक, आंघोळ, कपडे आणि श्वास यांची जी जास्तीची वाफ आपण घालतो ती बाहेर काढायला खिडकी हवीच. पण छतातून गळती होत असेल तर खिडकी काहीच करू शकत नाही. हे दोन्ही वेगळे प्रश्न आहेत आणि गोंधळ नेमका इथेच होतो.

पाणी येतं कुठून? डाग वाचायला शिका

डॉक्टर जसे जीभ बघतात तसं सिव्हिलवाल्याने डाग बघावा. डाग कुठे आहे आणि कधी वाढतो यावरून बरंच काही कळतं.

१. जमिनीलगत, साधारण कंबरेपर्यंत आडवा पट्टा, वर पांढरी पावडर, रंगाचे पोपडे : हे जमिनीतलं पाणी. विटेतल्या बारीक छिद्रांतून ते केशाकर्षणाने वर चढतं. जोत्यावर ओलरोधक थर, म्हणजे डी.पी.सी., घातला नसेल किंवा तो निकामी झाला असेल तर असं होतं. पांढरी पावडर म्हणजे क्षार. आपल्याकडे याला भिंतीला लोणा लागणं म्हणतात.

२. छतावर गोल, कडेला तपकिरी रेघ असलेला डाग : वर गच्ची असेल तर कोबा फुटला असण्याची शक्यता जास्त. वर कोणाची बाथरूम किंवा मोरी असेल तर पाइपचा सांधा किंवा नहाणी ट्रॅप तपासायचा.

३. डाग एप्रिल-मेमध्येही ओला राहतो का? राहत असेल तर पावसाचा संबंध नाही, नळाचं किंवा ड्रेनेजचं पाणी आहे. फक्त पावसाळ्यात येत असेल तर गच्ची, बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट, किंवा तुंबलेली पन्हळ.

४. ओघळ नाही, पोपडे नाहीत, नुसतीच कपाटामागे किंवा कोपऱ्यात ठिपक्यांची रांगोळी : ही आतल्या वाफेची करामत. इथे मात्र खिडकी आणि पंखा कामाला येतो.

खात्री करायची असेल तर एक बिनखर्चाची टेस्ट आहे. पारदर्शक प्लास्टिकचा फूटभर चौकोन भिंतीवर चारही बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवा आणि एक दिवस तसाच ठेवा. पाणी प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला जमलं तर ओल भिंतीतून येतेय. आपल्याकडच्या बाजूला जमलं तर ती खोलीतल्या हवेतली आहे.

आणखी एक. जे पाणी बुरशीला पोसतं तेच पाणी स्लॅबमधली सळईही गंजवतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट फुगतं, फुटतं आणि त्याचे तुकडे खाली पडतात. म्हणजे बुरशीचा डाग हा एका अर्थी इमारतीने आपल्याला आधीच पाठवलेला निरोप आहे. त्यावर रंग लावणं म्हणजे पत्र न वाचता फाडून टाकणं.

छातीत नेमकं काय होतं?

ॲस्परजिलसचा एक बीजाणू साधारण २ ते ३ मायक्रॉनचा असतो. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड. इतका बारीक कण नाकाच्या चाळणीत अडकत नाही, थेट फुप्फुसातल्या वायुकोशापर्यंत पोचू शकतो. निरोगी माणसाचं शरीर त्याचा बंदोबस्त करतं. अडचण येते ती रोज, महिनोन्‌महिने, ढिगाने बीजाणू आत जातात तेव्हा, किंवा माणूस आधीच नाजूक असतो तेव्हा.

पहिला त्रास ॲलर्जीचा. शिंका, नाक चोंदणं, डोळे चुरचुरणं, सकाळी उठल्यावर घसा खवखवणं. "मला कायमच सर्दी असते" म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्या उशीमागची भिंत बघावी.

दुसरा दमा. दम्याच्या माणसाला ओलसर खोलीत खोकला आणि घरघर वाढते हे आता वादातीत आहे. २००४ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने आणि २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावरचे सगळे अभ्यास तपासून हेच सांगितलं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात ओल आणि बुरशी असलेल्या घरांत श्वसनाच्या तक्रारींचं प्रमाण ३० ते ५० टक्क्यांनी जास्त आढळलं.

तिसरा आजार नावाने अवघड आहे : हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. यात बीजाणूंसारख्या कणांवर शरीराची प्रतिकारशक्तीच इतकी भडकते की फुप्फुसाला सूज येते. ताप, कोरडा खोकला, धाप. वेळीच कारण दूर केलं तर माणूस सुधारू शकतो. वर्षानुवर्षे चाललं तर फुप्फुसात कायमचे वण पडतात. आणि हा आजार फक्त परदेशातला नाही. २०१२ ते २०१५ या काळात भारतातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांत फुप्फुसाच्या अशा आजारांच्या १,०८४ रुग्णांची नोंद करण्यात आली. त्यात सर्वांत जास्त, ४७ टक्के रुग्ण याच आजाराचे निघाले. त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांचा संबंध कशाशी आला होता? एअर कूलरशी!

हे वाचून मी हादरलेच. आमच्या विदर्भात कूलरशिवाय उन्हाळा ही कल्पनाच नाही. मार्चमध्ये कूलर माळ्यावरून उतरतो, गेल्या वर्षीच्याच ताट्या, तेच टाकीतलं हिरवट पाणी, आणि त्यातून येणारा तो 'थंडगार मातीचा वास' आम्हाला लहानपणापासून प्रिय. कूलरमुळेच आजार होतो असं त्या नोंदींवरून सिद्ध होत नाही. पण ओलं वुडवूल, साचलेलं पाणी आणि त्यातून तोंडावर येणारा झोत हे बुरशीला हवं तसं जुळलेलं त्रिकूट आहे, हे कळायला डॉक्टर व्हायची गरज नाही. ताट्या दर वर्षी बदला, टाकी दर आठवड्याला घासा. आईला फोन करून मी हे लगेच सांगितलं.

चौथा त्रास प्रत्यक्ष संसर्गाचा. तो सहसा धडधाकट माणसाला होत नाही. केमोथेरपी चालू असलेले, अवयवरोपण झालेले, फुप्फुसाचा जुना आजार असलेले, यांना ॲस्परजिलसचा संसर्ग जिवावर बेतू शकतो. घरात असं कोणी असेल तर बुरशीची साफसफाई चालू असताना त्यांना त्या खोलीतच काय, घरातही ठेवू नये.

आता एक जवळचं उदाहरण सांगते. माझ्या एका मैत्रिणीला लहानपणापासून दमा आहे, पण आटोक्यातला. सेकंड इयरला ती गावातल्या एका पी.जी.त राहायला गेली. तिच्या पलंगाच्या वरच वरच्या मजल्यावरची बाथरूम होती. छताला डाग होता. काकूंना सांगितलं, त्यांनी रंग मारून दिला. महिन्याभरात रंग फुगला, पोपडे तिच्या पांघरुणावर पडायला लागले. पुन्हा सांगितलं, पुन्हा रंग. या काळात तिचा महिनाभर पुरणारा इन्हेलर पंधरा दिवसांत संपायला लागला. गणपतीत आठवडाभर घरी गेली की बरी व्हायची, परत आली की दुसऱ्या रात्री घरघर सुरू. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "तुला घरी बरं वाटतं आणि खोलीवर त्रास होतो, मग औषध बदलायचं की खोली?" जानेवारीत तिने खोली बदलली आणि तिचा श्वास सुधारला. तिच्या जुन्या खोलीला पुन्हा नवा रंग लागला. तिथे आता फर्स्ट इयरच्या दोन मुली राहतात.

हे शेवटचं वाक्य मला बोचतं, म्हणून हा लेख लिहावासा वाटला.

'विषारी काळी बुरशी' : खरं किती, भीती किती?

बुरशी विषं तयार करते यात शंका नाही. शेंगदाणे आणि मक्यावरची ॲस्परजिलस फ्लेव्हस अफ्लाटॉक्सिन तयार करते. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुरशी लागलेला मका खाऊन १०६ माणसं दगावली. स्टॅकीबोट्रिसची ओळखही अशीच झाली. १९३० च्या दशकात युक्रेनमध्ये बुरशीचा कडबा खाऊन घोडे पटापट मेले. पण ही दोन्ही उदाहरणं विष *पोटात* जाण्याची आहेत. भिंतीवरच्या बुरशीतून *श्वासावाटे* तितकं विष शरीरात जातं का, हा वेगळा प्रश्न.

१९९३-९४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला. त्यांच्या पाणी शिरलेल्या घरांत स्टॅकीबोट्रिस सापडली आणि 'टॉक्सिक मोल्ड' हा शब्द जगभर गेला. पण २००० साली अमेरिकेच्याच सी.डी.सी. या संस्थेने तो अभ्यास पुन्हा तपासला आणि त्यातल्या त्रुटी दाखवून सांगितलं की हा संबंध सिद्ध झालेला नाही. म्हणजे 'काळी दिसली की मरण' हे खरं नाही. शिवाय काळा रंग स्टॅकीबोट्रिसचीच मक्तेदारी नाही. क्लॅडोस्पोरियम काळसर असते, ॲस्परजिलस नायजर तर नावानेच काळी.

यात आणखी एक गैरसमज मिसळला आहे. २०२१ च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत 'ब्लॅक फंगस' हा शब्द घरोघरी पोचला. महाराष्ट्रात हजारो रुग्ण झाले. तो म्युकरमायकोसिस. ती बुरशी मुळात काळी नसते, तिने मारलेल्या पेशी काळ्या पडतात म्हणून ते नाव. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा मारा ही त्याची मुख्य कारणं होती. तुमच्या भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तो आजार नव्हे.

मग निर्धास्त व्हायचं का? अजिबात नाही. विषाची गोष्ट सिद्ध झाली नसली तरी दम्याची आणि ॲलर्जीची झाली आहे, आणि त्यासाठी बुरशी काळी असायची गरज नाही. हिरवी, पांढरी, पिवळी कोणतीही चालते. जागतिक आरोग्य संघटनेने तर हवेतल्या बीजाणूंची सुरक्षित मर्यादा सांगणारा आकडाच दिलेला नाही, कारण तसा आकडा काढता येत नाही. त्यांचा सल्ला एका ओळीत मावतो : ओल होऊ देऊ नका, झाली तर दूर करा. म्हणून महागड्या लॅब टेस्टच्या मागे लागण्यापेक्षा ते पैसे प्लंबरला द्या.

रॉचडेलचा धडा

दुर्लक्ष किती महाग पडू शकतं याचं अलीकडचं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. मँचेस्टरजवळच्या रॉचडेल गावात सामाजिक गृहसंस्थेच्या एका लहान फ्लॅटमध्ये अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा राहत होता. स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या भिंती बुरशीने भरलेल्या होत्या, हवा जायला पुरेशी सोय नव्हती. वडिलांनी २०१७ पासून तक्रारी केल्या. त्यांना रंग लावायला सांगण्यात आलं. कुटुंबाच्या राहणीलाच दोष देण्यात आला. डिसेंबर २०२० मध्ये अवाब गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशी करणाऱ्या कॉरोनरने स्पष्ट सांगितलं की घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे झालेल्या श्वसनाच्या आजाराने त्याचा मृत्यू झाला.

त्यानंतर तिथे कायदा बदलला. 'अवाब्ज लॉ' या नावाने ओळखले जाणारे नियम २७ ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक घरांना लागू झाले. ओल-बुरशीचा गंभीर धोका कळवला की घरमालक संस्थेने १० कामकाजाच्या दिवसांत तपासणी करायची, धोका आढळला तर पुढच्या ५ कामकाजाच्या दिवसांत जागा सुरक्षित करायची, आणि तातडीची बाब असेल तर २४ तासांत. ओल ही भाडेकरूची 'सवय' नाही, इमारतीचा दोष असू शकते, हे एका बाळाच्या जाण्यानंतर कागदावर आलं.

आणि आपल्याकडे?

मुंबईतल्या जुन्या इमारती इतक्या का गळतात याचं एक कारण सिमेंटमध्ये नाही, कायद्यात आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठवली. त्या काळात भाडेकरूला ते संरक्षण गरजेचं होतं. पण पुढे भाड्यातून गच्चीचा कोबाही करता येईना, मालकांनी दुरुस्ती सोडून दिली. १९६९ मध्ये सरकारने उपकर घेऊन दुरुस्ती करणारं मंडळ काढलं. आजही दर वर्षी पावसाळ्यापूर्वी म्हाडा अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करते. ती यादी इमारत कोसळेल का ते सांगते. उभ्या इमारतीत माणसांची फुप्फुसं कशी आहेत, त्याची यादी कुठेच लागत नाही.

तरी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे जागा राहण्यायोग्य दुरुस्त ठेवणं घरमालकावर बंधनकारक आहे. त्याने टाळाटाळ केली तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाला त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. हे भाडेकरूंसाठी. पी.जी. किंवा लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनी करार करतानाच गळतीची दुरुस्ती कोणी आणि किती दिवसांत करायची ते लिहून घ्यावं. आणि तोंडी सांगू नये, लेखी कळवावं, फोटो आणि तारखेसह.

मग करायचं काय?

• आधी पाणी थांबवा, मग बुरशी काढा, सगळ्यात शेवटी रंग. हा क्रम उलटा झाला की पैसे पाण्यात, शब्दशः.

• काही भिजलं तर २४ ते ४८ तासांत कोरडं करा. त्यानंतर बुरशी मूळ धरते. भिजलेली गादी, पुठ्ठे, फुगलेलं प्लाय यांचा मोह सोडा.

• डाग साधारण ३ फूट बाय ३ फुटांपेक्षा लहान असेल तर स्वतः साफ करता येतो. एन-९५ मास्क, हातमोजे, खिडकी उघडी. कोरडं खरवडू नका, बीजाणू उडतात. साबणाच्या पाण्याने ओलं करून पुसा आणि पूर्ण वाळवा. दम्याच्या व्यक्तीने हे काम करू नये.

• ब्लीच हा रामबाण उपाय नाही. प्लास्टरसारख्या सच्छिद्र पृष्ठभागात ते खोल जात नाही, आणि मेलेली बुरशीही ॲलर्जी करतेच, म्हणून ती पुसून काढावीच लागते. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर *कधीही* एकत्र करू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

• कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. कपडे शक्यतो व्हरांड्यात वाळवा. खोलीतच वाळवावे लागले तर खिडकी उघडी आणि पंखा चालू. आंघोळीनंतर एक्झॉस्ट थोडा वेळ चालू ठेवा.

• खोकला, घरघर तीन-चार आठवडे जात नसेल तर डॉक्टरांकडे जा आणि 'कुठे गेल्यावर बरं वाटतं' हे आवर्जून सांगा.

शेवटी आपल्या सगळ्यांसाठी एक सूचना. हॉस्टेलवर, पी.जी.त, घरी, जिथे ओलीचा डाग दिसेल तिथे त्याच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. महिन्याने पुन्हा बघा. डाग रेघेबाहेर गेला असेल तर पाणी चालू आहे. त्याचा फोटो घेऊन लेखी अर्ज द्या. सिव्हिलचे आम्ही काही जण मिळून येत्या मेमध्ये हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्याचा असा 'ओल-नकाशा' करणार आहोत, म्हणजे पावसाआधी रेक्टर सरांच्या हातात दुरुस्तीची यादी असेल. इतर ब्रँचवाल्यांचंही स्वागत आहे. लागतं काय, तर पेन्सिल, टॉर्च आणि जरा नाक. कुबट वास आला की समजा, जवळच कुठेतरी पाणी आहे.